दायाँ आणि डावा

कंपनीने पुण्याहून दिल्लीला पाठवले तेव्हा मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत अर्धे फ्लॅट रिकामे होते. वडील आमच्याकडे राहायला आले, त्यांची बॅग कपाटावर गेली आणि पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी त्यांचा डावा हात उचलेना. बोलणेही जड झाले, शब्द तोंडातच विरघळू लागले.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितले, "दिमाग़ के दाएँ हिस्से में ख़ून की नली बंद हुई है." माझ्या कानांनी त्याचे 'डावा' केले. स्कॅनची फिल्म उजेडावर धरली, तर काळसर डागही माझ्या डाव्या हाताला दिसला. आणि हात तर डावाच गेला होता. शंका घ्यायला जागा कुठे होती?

घरी मी ज्ञानकोश उघडला. मोठा मेंदू अक्रोडाच्या गरासारखा दोन भागांचा असतो आणि भाषेची केंद्रे बहुधा डाव्या भागात असतात, असे त्यात होते. त्याच पानावर, डावा भाग उजव्या अंगाला चालवतो, असेही होते. या वाक्यापाशी मी बराच अडखळलो. पण तीन साक्षी एकीकडे आणि एक वाक्य दुसरीकडे. मी साक्षींवर विश्वास ठेवला. वडिलांची भाषा गेली, असे मी बायकोला सांगितले.

तिलाही खूण पटली. "अहो, चटणीशिवाय त्यांचा घास उतरत नसे. आता ताटात वाढलेल्या चटणीकडे बघतसुद्धा नाहीत. कोशिंबीर तशीच, लिंबू तसंच. त्यांना काही कळत नाही हो."

मग आम्ही त्यांच्याशी बोलणे कमी केले आणि त्यांच्यासमोर बोलणे वाढवले. पलंगाची उजवी बाजू भिंतीला लागलेली होती, म्हणून खुर्च्या डावीकडे असत. तिथेच बसून आम्ही ठरवले की त्यांना सांगलीला थोरल्या भावाकडे पोचवावे. "तिकडे माणसं आहेत," मी म्हणालो. "इथे आपण दोघंही दिवसभर बाहेर." वडील भिंतीकडे पाहत होते.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी त्यांना दोन-चार गोष्टी करायला सांगितल्या. त्यांनी त्या केल्या. डॉक्टर माझ्याकडे वळले. "ये तो सब समझते हैं. आप लोग बात नहीं करते इनसे?"

"पर बायाँ हिस्सा है ना, भाषा का..."

"बायाँ किसने कहा? मैंने दायाँ कहा था."

"वही तो, दायाँ," मी म्हणालो आणि मग मला आठवले की हिंदीतला दायाँ म्हणजे आपला उजवा.

त्यांनी शांतपणे फिल्म लावली. रुग्ण आपल्याकडे तोंड करून समोर आहे असे समजायचे; त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. मेंदूतून निघालेल्या वाटा मानेच्या वर एकमेकींना ओलांडतात, म्हणून उजव्या भागाच्या दुखण्याने डावा हात गेला. आणि अशा माणसाचे डावीकडच्या जगावरचे लक्षच उडते: ताटाची डावी बाजू, खोलीची डावी बाजू, तिकडे बसलेली माणसे. "दाईं तरफ़ बैठकर बात कीजिए," ते म्हणाले. मी मनात हात उचलून पाहिला, कुठला ते ठरवायला.

संध्याकाळी आम्ही पलंग भिंतीपासून ओढला आणि मी त्यांच्या उजवीकडे बसलो. इतके दिवस आमचे बोलणे त्यांच्यापर्यंत पोचले होते, की डावीकडच्या चटणीसारखे ते त्यांच्या ध्यानातच आले नव्हते? डॉक्टरांना विचारायचे धाडस मला झाले नव्हते.

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. शब्द सावकाश आले, पण स्पष्ट आले.

"गाडी कधीची आहे?"

आजारपणात माणूस भलत्याच काळात जातो. त्यांच्या नोकरीतल्या कुठल्या तरी बदलीची गाडी असेल. नसेलही. पुष्कळ वर्षे विचार करूनही मला ते ठरवता आलेले नाही.

"कुठलीच नाही, बाबा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "मग ती बॅग खाली काढू नका," ते म्हणाले, आणि मला ताट वाढायला सांगितले.