ज्याच्या घरी नेट नाही

नेट स्लो आहे अशी तक्रार घेऊन कुणी आक्कांकडे गेलं, की त्या खुर्चीतून न उठता एकच विचारायच्या, "काय बघायलाव?" आवाज असा खडा, की व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. समोर शिपाई असो नाहीतर प्राचार्य, प्रश्न तोच. उत्तर त्यांना आधीच ठाऊक असायचं, कारण कुठल्या खोलीत किती नेट ओढलं जातंय ते त्यांच्या पडद्यावर दिसत असे. "स्टाफरूममधी चौघं क्रिकेट बघायलेत. नावं सांगू का?" त्या चौघांतला एक मी असायचो.

नळदुर्गच्या अलीकडे, हायवेला लागून आमचं ज्युनिअर कॉलेज. तिथली कॉम्प्युटर लॅब आक्का सांभाळायच्या. अकरा वर्षं, कंत्राटी. कॉलेजला लाइन एकच आणि ती सगळ्यांना पुरायची नाही. म्हणून त्यांनी वाचून, चुकून, पुन्हा करून राऊटरमध्ये नियम घातले होते. दहा ते पाच लॅबला तिचा वाटा मिळणारच. स्टाफरूम, ऑफिस आणि प्राचार्यांची केबिन यांना मर्यादा. व्हिडिओ रांगेत सगळ्यांच्या मागे. "ज्याच्या घरी नेट न्हाय, त्याचा नंबर पयला," एवढंच त्यांचं तत्त्व. आमच्याकडे तांड्यावरून, वस्तीवरून येणाऱ्या मुली होत्या; घरात एक फोन आणि तो वडलांच्या खिशात. त्या लॅबमध्येच फॉर्म भरायच्या.

आक्का चिक्कू मात्र नव्हत्या. लॅब रिकामी झाली की उरलेलं नेट आपोआप बाकीच्यांना मिळेल, अशी सोय त्यांनीच केलेली. तरी दारात येऊन सांगायच्या, "बघा आता तुमचं क्रिकेट. नेट काय कणगीत भरून ठेवता येतंय व्हय?"

एकदा त्यांना टायफॉईड झाला आणि आठवडाभर राऊटरला कुणी हात लावू शकलं नाही. बऱ्या होऊन आल्यावर त्यांनी माझी डायरी मागून घेतली आणि शेवटच्या पानावर पासवर्ड लिहून दिला. मी मराठी शिकवतो. माउस उजव्या हातात धरायचा, इथवरच माझं ज्ञान. मी विचारलं, "मलाच का?" त्या म्हणाल्या, "तुमाला यातलं काय बी कळत न्हाय सर. तुमी उगं बोटं घालणार न्हाय." मला तो मान वाटला होता.

मग तो दिवस आला. नर्सिंगच्या प्रवेशाचे फॉर्म संध्याकाळी पाचला बंद होणार होते. लॅबमध्ये सात मुली बसल्या होत्या. त्याच दुपारी हॉलमध्ये संस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवसाचा सत्कार होता आणि तो मोबाईलवर थेट दाखवायचा होता. चार वाजता प्राचार्य लॅबमध्ये आले. "आक्का, हॉलला पूर्ण नेट सोडा."

"फॉर्म पाचला बंद होतोय सर. सत्कार पाचनंतर करा की. अध्यक्ष कुठं पळून चाललेत?"

मुली हसल्या. ते हसू प्राचार्यांना झोंबलं. त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "पासवर्ड तुमच्याकडेही आहे ना, सर? तुमची कायम होण्याची फाइल अध्यक्षांच्याच टेबलावर आहे."

मला 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. 'डायरी घरी राहिली' म्हणता आलं असतं. मी निमूट पिशवीत हात घातला आणि डायरी काढून दिली. ऑफिसातल्या क्लार्कने दहा मिनिटांत आक्कांचे सगळे नियम काढून टाकले.

सहा मुलींचे फॉर्म तोवर गेले होते. राहिली सविता. तिचा फोटो गेला, सही गेली आणि गुणपत्रिका अडकली. पडद्यावर ते चाक नुसतं फिरत राहिलं. आक्कांनी आपला मोबाईल जोडून पाहिला, पण सत्काराला जमलेल्या गर्दीने टॉवरचाही जीव काढला होता. पाच वाजले तेव्हा हॉलमधून टाळ्या ऐकू आल्या. सविता रडली नाही. तिने पिशवी उचलली आणि एसटी चुकेल म्हणून निघून गेली.

पुढच्या सोमवारी प्राचार्यांनी बैठकीत जाहीर केलं, "यापुढे नेट सगळ्यांना सारखं." या वाक्याचा मला अजून संताप येतो. सगळ्यांना सारखं म्हणजे ज्याचं तोंड मोठं त्याला सगळं, हे ठाऊक असूनही स्टाफने माना डोलावल्या. 'नेट जाणूनबुजून अडवले' म्हणून आक्कांना काढण्याच्या कागदावर आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. माझी सही तिसरी. महिन्याभरात मी कायम झालो आणि कॉलेजात पेढे वाटले. त्या पेढ्यांची आठवण आली की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

आक्कांनी फाट्यावर चार कॉम्प्युटर मांडून फॉर्म भरून द्यायचं दुकान टाकलं. दोन वर्षं तिथे जायची माझी छाती झाली नाही. यंदा मुलीच्या फॉर्मचं निमित्त करून गेलो. आक्कांनी मान वर केली. "घरी नेट हाय न्हवं सर? मग बसा. तुमचा नंबर शेवटी."

बसलो. नऊ जणांचं झाल्यावर त्यांनी माझ्या मुलीचा फॉर्म भरला, तीनदा तपासला. मी चाचरत सविताचं विचारलं. "हितूनच भरला दुसऱ्या वर्षी. लातूरला शिकायलीय. वर्ष गेलं ते गेलं." मग मी माफीचे शब्द जुळवत होतो, तोच त्यांनी विचारलं, "डायरीतलं ते पान फाडलाव का?"

"नाही."

"फाडू नका," आक्का म्हणाल्या. "रोज दिसू द्या."

रोज दिसतं.