खातं नसलेली ब्रिजित

कोल्लमच्या किनाऱ्यावर चौतीस वर्षं डोक्यावर घमेलं घेऊन मासे विकलेल्या ब्रिजितने त्रेसष्टाव्या वर्षी शब्दकोश लिहायला घेतला, हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही. न ठेवो, तिचं काही अडत नाही. गावच्या वाचनालयातला संगणक दुपारी रिकामा असतो. त्यावर मल्याळम शब्दांची एक साइट आहे, कुणीही यावं आणि लिहावं अशी. खातं उघडायची सक्ती नाही. मग लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी संगणकाचा लांबलचक क्रमांक दिसतो, एवढंच.

ब्रिजितला तेच हवं होतं. चौथीत शाळा सुटलेली बाई, तिला कोण विचारणार? एका बोटाने टाइप करत तिने दोन वर्षांत मासे, जाळी आणि वारे यांची तीनशेवर नावं चढवली.

एकदा तिने पाहिलं, तर ‘मत्ती’ आणि ‘चाळा’ हे दोन निराळे मासे म्हणून नोंदवलेले. तिचं डोकंच फिरलं. अहो, तारली ती तारलीच! केरळात उत्तरेकडे मत्ती म्हणतात, कोल्लमकडे चाळा. बाजाराचं तोंड न पाहिलेल्या कुणाचं तरी काम. तिने दोन्ही नोंदी एक केल्या आणि खाली लिहिलं, ‘मासा एकच आहे. विकत घेऊन बघा.’

दुसऱ्या दिवशी पडद्यावर सूचना आली. ‘या क्रमांकावरून खोडसाळपणा झाल्याने लेखन बंद केले आहे. यापुढे खाते सक्तीचे करावे का, यावर चर्चा सुरू आहे.’

उत्तरेकडचे चिडले असणार. कशाला मेलं तोंड उघडलं? ती मुकाट्याने घरी गेली आणि चार दिवस तिकडे फिरकली नाही. दुपारच्या वेळी तर तिला घर खायला उठायचं.

पाचव्या दिवशी वाचनालयाचे सेक्रेटरी शशांकन दारात उभे. गावातल्या सगळ्यांसारखे तेही तिला चेची, म्हणजे ताई म्हणत.

“चेची, तब्येत बरी आहे ना?”

“तब्येतीला काय धाड भरलीय? हाकलून दिलंय मला. मत्तीवरून.”

शशांकनचा चेहरा उतरला. “ते तुम्ही नाही, चेची. मी.”

“तुम्ही?”

“फुटबॉलचा विश्वचषक चालू आहे ना... वाचनालयाच्या त्याच संगणकावरून ‘रडणे’ या शब्दाचा अर्थ मी लिहिला, अर्जेंटिनावाल्यांचा आवडता खेळ.”

पन्नाशीचा, ब्राझीलच्या संघापायी दर विश्वचषकाला घरच्यांशी भांडणारा माणूस, मान खाली घालून उभा होता.

“लाज नाही वाटली?”

“वाटली. तुम्ही येईनात तेव्हा जास्तच. कबुलीचं पत्र धाडलंय साइटवाल्यांना. चला, उत्तर आलंय.”

वाचनालयात पडद्यावर चर्चा लांबलचक होती. एकाने लिहिलं होतं, ‘नाव नाही तर जबाबदारी नाही. खाते सक्तीचे करा.’ ब्रिजितला ते लागलं. पण त्याचंही खोटं नव्हतं. तिचं खातं असतं, तर शशांकनचं पाप तिच्या माथी आलंच नसतं.

त्याखाली दुसऱ्याचं होतं, ‘हा क्रमांक बंद करू नका. तिथे मत्स्यशास्त्राचे कुणी निवृत्त प्राध्यापक बसतात. मत्ती-चाळाची चूक आपल्यापैकी कोणालाच दिसली नव्हती.’ आणि सगळ्यात शेवटी निर्णय होता. खाते ज्याला हवे त्याने उघडावे, क्रमांक पुन्हा सुरू.

“प्राध्यापक!” ब्रिजित हसत सुटली. हसता हसता रडूच आलं तिला. “सुटले बाई! मला वाटलं, संपलंच सगळं.”

“कळवू का त्यांना, प्राध्यापक नाही, आमची ब्रिजित चेची आहे म्हणून? खातंही उघडून देतो.”

नाव झळकलेलं तिला आवडलंही असतं.

“नको,” तिने खुर्ची पुढे ओढली. “नाव दिसलं की विचारतील, शिकलात कुठे. आत्ता कसं, लिहिलेलं तेवढं वाचतात.”