चुकीच्या उत्तराची वकिली

आदरणीय शशिकलाबाई रामटेके यांची माझी पहिली भेट झाली तीच मुळी माझ्या चुकीने. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावात, राइस मिलच्या मागच्या गल्लीत बाईंचं घर. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या ओसरीत एमसीएच्या प्रवेश परीक्षेसाठी बीजगणित शिकवत. मी गेले तेव्हा फळ्यावर प्रश्न होता: सहा भागिले क्ष हे तीनपेक्षा लहान, तर क्ष कोणता? खाली चार पर्याय. मी आगाऊपणे दारातूनच सांगितलं, "क्ष दोनपेक्षा मोठा!" पोरं हसली. बाई म्हणाल्या, "बस. आता तू या पर्यायाची वकील."

हीच बाईंची शिकवण्याची तऱ्हा. प्रत्येक पर्यायाला एक वकील मिळे आणि पर्याय चुकीचा असला तरी त्याची बाजू जीव तोडून मांडावी लागे. "चुकीचं उत्तर येडं नसते," त्या म्हणत, "त्याच्या मांगं बी कोनाची तरी अक्कल असते. थे वळखा."

मी दोन्ही बाजूंना क्षने गुणून ऐटीत दोन काढून दाखवले. बाईंनी शांतपणे विचारलं, "गुनाच्या आदी क्षले विचारलं का, तू धन हायस का ऋण?" उणे दोन घालून पाहिले, तर उत्तर उणे तीन. तेही तीनपेक्षा लहानच! क्ष शून्याहून लहान असला तरी चालत होतं. माझा खटला तिथेच आटोपला, आणि गणिताची गोडी मात्र कायमची लागली.

माझे बाबा तलावात जाळं टाकत. सकाळी त्यांना मदत करून मी वर्गाला येई, हाताला माशांचा वास असे. एकदा शेजारची मुलगी नाक मुरडून सरकली. बाईंनी मला आपल्याजवळ बसवलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "आज झिंगे होते वाटते? मंग मले काऊन नाई आनले?" त्या दिवसापासून मी हात लपवणं सोडलं.

परीक्षा झाली, पुण्याला प्रवेश मिळाला आणि बाबा नाही म्हणाले. एका शब्दात. आई रडली, मी जेवले नाही, काही उपयोग झाला नाही. शेवटी बाई घरी आल्या. त्या बाबांना समजावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी तर बाबांचीच बाजू घेतली!

"तुमचं बरोबर हाय, भाऊ. पोरगी नाजूक. एकटी कशी राहीन?"

"नाजूक?" बाबा म्हणाले. "हिवाळ्यात माह्यासंगं गळ्याएवढ्या पान्यात उतरते थे."

"पन तिकडची बोली तिले जमनार नाई. लोक हसतीन."

"हसू द्या ना! थे कोनाले आयकून घेते का?"

"आनं अभ्यास झेपला नाई तं?"

"काऊन नाई झेपन?" बाबांचा आवाज चढला. "तुमीच तं शिकवलं ना तिले!" आणि मग ते थांबले. बाईंकडे बघत राहिले. हळूच हसून म्हणाले, "बाई, तुमी माह्याच तोंडून 'हो' काढून घेऊन राह्यल्या."

मी दाराआड उभी होते. बाबांना माझ्याबद्दल इतकं सगळं ठाऊक होतं, आणि ते मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आज मी चंद्रपूरला संगणक शिकवते. माझ्याही वर्गात चुकीच्या पर्यायांना वकील मिळतात. पण बाईंचा मिश्कील चेहरा आणि मिलच्या कोंड्याने भुरकट झालेला तो फळा कुठून आणणार? त्या ओसरीची फार आठवण येते.

पंचाहत्तरीच्या या अमृतमहोत्सवाला आणि त्यासाठीच्या या गौरव अंकालाही बाईंनी आधी विरोधच केला. "माह्यावर काय लिहिता, मी काय केलं?" म्हणाल्या. बाई, आम्हाला तुमचं निरोगी शतक पाहायचं आहे. "एवढं जगून काय करू?" असं तुम्ही विचारालच. त्या पर्यायाची वकिली तुम्ही खुशाल करा. विरुद्ध बाजूने आम्ही सगळे उभे आहोत, आणि सगळ्यात पुढे, जाळं खांद्यावर टाकून, माझे बाबा आहेत.