परत फेकलेले चेंडू

गेल्या वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी अकराच्या सुमारास, आमच्या गावच्या बेसबॉल मैदानावर मी एक नारळ फोडला. नारळ दोन युरो एकोणपन्नास सेंटचा, तमिळ दुकानातून आणलेला. हजर होते अकरा खेळाडू, ट्रेनर, क्लबचा खजिनदार, माझी बायको, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या माझ्या सासूबाई आणि मी. त्या अकरा खेळाडूंत माझी सोळा वर्षांची मुलगी होती.

गाव जर्मनीत, ब्योब्लिंगेनच्या जवळ. इथे बेसबॉल बघायला वीस माणसं आली तरी गर्दी म्हणतात. मी मूळचा क्रिकेटवाला. मुलगी मैत्रिणीमागून या खेळात गेली आणि तिच्यामागून मी. आमच्या खालच्या लीगमध्ये मुलींना पुरुषांच्या संघात खेळता येतं. चार वर्षांपूर्वी मोसमाच्या पहिल्या सामन्याआधी मी गमतीने नारळ फोडला, संघ जिंकला, आणि तेव्हापासून ते माझ्याकडेच लागलं. खजिनदार दर वर्षी नारळाचे पैसे मला देत असे. मी नको म्हटलं तरी देई, कारण खर्च म्हणजे खर्च.

त्या वर्षी नारळ फुटला तेव्हा आतून करडं पाणी आलं आणि पाठोपाठ वास. खोबरं काळं पडलेलं होतं. सगळे दोन पावलं मागे सरले.

सासूबाई म्हणाल्या, "अहो, तोंडं काय पाडता? नासका निघाला म्हणजे थेट देवाला पोचला. शुभ असतं ते!"

मी जर्मनमध्ये सांगितलं. आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, चाळिशी ओलांडलेला सुतार, नाक दाबून म्हणाला, "तुमच्या देवाची आवड विचित्र आहे." सगळे हसले. तो सामना आम्ही सतरा-तीनने हरलो.

माझ्याकडे मैदानावर एक काम होतं. पिचरचा खांदा जुना दुखरा, म्हणून ट्रेनरने मला त्याचे चेंडू मोजायला सांगितले होते. "नव्वद झाले की मला सांग," एवढंच. मी प्रत्येक चेंडूला एक काडी मारत असे, पाचवी आडवी. सासूबाई शेजारी शाल घेऊन बसायच्या. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं.

"हा टाकतो त्याची काडी," त्या म्हणाल्या. "आणि आपली पोर परत टाकते, त्याची नाही?"

"नाही, आई. ती कॅचर आहे, विकेटकीपरसारखी. पिचरचेच मोजतात."

"का बरं? तिला काय रबराचा हात आहे?"

मी हसलो. बायको म्हणाली, "आई, तू थर्मासमधला चहा घे बघू."

जुना कॅचर हिवाळ्यात नोकरीसाठी हॅम्बुर्गला गेला होता. मुलीशिवाय ती जागा घेणारं कुणी नव्हतं. मास्क, छातीवरचं जड पॅड, उकिडवं बसून दोन-अडीच तास. आणि तिला ते सगळं आवडायचं. इतकी वर्षं ती राखीव म्हणून बाकावर बसली होती. आता संघ तिच्याशिवाय उभाच राहत नव्हता, आणि हे तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

दुसरा सामना हरलो, तिसरा हरलो. पिचरचा नेम गेला होता. चार चेंडू बाहेर पडले की बॅटवाल्याला पहिला बेस फुकट. तिसऱ्या सामन्यात आम्ही तो चौदा जणांना दिला. हरणाऱ्या संघाचं एक मी बघून ठेवलं आहे. आधी सामन्यानंतर भांडणं होतात, आणि तोवर ठीक असतं. मग भांडणंही थांबतात. लोक मुकाट्याने बूट बदलतात आणि गाड्या काढतात. चौथ्या सामन्याला तर आठच जण आले. नियम असा, की मैदानात नऊ हवेत. आठ असले की सामना समोरच्यांना, वर दीडशे युरो दंड. आणि एका मोसमात असं दुसऱ्यांदा झालं, तर संघ लीगमधून बाद.

"दी कोकोसनुस," पिचर माझ्याकडे बघून म्हणाला. तो नारळ. आता कुणी हसलं नाही.

मी अशा गोष्टी मानत नाही. तरी त्या आठवड्यात तमिळ दुकानात तीन नारळ कानाशी धरून हलवून पाहिले आणि एकही न घेता परत आलो.

याच सुमाराला घरी मुलगी काट्याने जेवायला लागली. आमच्याकडे वरणभात, पोळी, सगळं हाताने. एका रात्री ती ताटावर बसली आणि म्हणाली, "गाबेल, बिट्टे." काटा द्या. डाव्या हातात काटा धरून भात खाऊ लागली.

"अगं, डाव्या हाताने?" सासूबाई म्हणाल्या. "आता पाणीपण सुरीने कापून पी!"

"इथे काटा डाव्याच हातात धरतात, आई," मी म्हणालो. "मैत्रिणींत राहते, शिकणारच."

पुढच्या आठवड्यात तिने कंबरेपर्यंतचे केस मानेपर्यंत कापून आणले. बायकोने विचारलं, तर उत्तर आलं, "प्राक्टिशर." सोयीचं पडतं. बायको मला म्हणाली, "अहो, पोरगी पुरती इथली झाली." तिच्या आवाजात थोडं दुःख होतं आणि थोडा अभिमानही. मलाही तसंच वाटलं. दप्तर डाव्या खांद्यावर आलं, दार डाव्या हाताने उघडू लागलं. ते आम्ही पाहत होतो, पण त्याचा वेगळा विचार केला नाही.

पाचवा आणि सहावा सामनाही गेला. सातव्याला बरोबर नऊ जण आले. आकाश खाली आलेलं, मैदानाच्या कडेची पॉपलरची झाडं अजिबात हलत नव्हती. दुसऱ्या इनिंगला माझ्या लक्षात आलं, की मुलगी चेंडू परत फेकत नाही. दर चेंडूला उठायची, चालत पिचरपर्यंत जायची, चेंडू त्याच्या हातात ठेवायची आणि परत यायची. समोरच्या बाकावरून कुणी तरी ओरडलं, "पोस्ट आली, पोस्ट!" अंपायरने घड्याळाकडे बोट दाखवलं. मग तिने एक फेकला. चेंडू अर्ध्या वाटेतच टप्पा खाऊन घरंगळला. तिने उजवा हात पोटाशी धरला, एकच क्षण, आणि पुन्हा बसली.

"तिला विचारा," सासूबाई हळूच म्हणाल्या. "तो काटा..." बायको उठून उभी राहिली होती.

माझ्या मांडीवर काड्यांचा कागद होता. पिचरने टाकलेले चेंडू आधी खेळलेल्या पाच सामन्यांत मी मोजलेच होते. बॅटला लागून गेलेले सोडले तर बाकी सगळे तिनेच परत फेकले होते. शिवाय सराव, शिवाय दर इनिंगआधीचा वॉर्म-अप. पिचर जितका वाईट, तितकं तिचं फेकणं जास्त. बेरीज करायला एक मिनिट पुरलं असतं. मी ती केली नाही. उठलो आणि ट्रेनरकडे गेलो.

"तिला बाहेर काढ."

"ती गेली तर आठ उरतात," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा आठ. मग आपण संपलो."

"माहीत आहे."

मुलगी मास्क वर करून धावत आली. "पापा, नाइन! पास्ट शोन!" चालतंय म्हणे. मग मराठीत, जे ती क्वचितच बोलते, म्हणाली, "बाबा, प्लीज. फक्त आजचा."

मी म्हणालो, "हात सरळ कर."

तिने केला. झाला तेवढा केला. ट्रेनरने ते पाहिलं, टोपी काढली आणि अंपायरकडे चालत गेला. पिचर जागेवरच खाली बसला. मुलीने पॅडचे पट्टे डाव्या हाताने सोडवले आणि गाडीत जाऊन बसली.

कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा लहानसा तुकडा सुटला आहे, असं डॉक्टर म्हणाले. कधीपासून दुखतंय, या प्रश्नावर ती म्हणाली, "पहिल्या सामन्यापासून." का नाही सांगितलं, हे विचारायची गरज नव्हती. तिच्यामागे दुसरा कॅचर नव्हता, दहावा माणूस नव्हता. शस्त्रक्रियेचं हाडांची वाढ थांबल्यावर ठरवू, तोवर काही फेकायचं नाही. कोपर पूर्ण सरळ व्हायला दहा अंश कमी पडतात. ते भरून येतील किंवा नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत. दर तीन महिन्यांनी कोन मोजतात. आतापर्यंत दर वेळी दहाच कमी भरले आहेत.

सासूबाई पुण्याला परत गेल्या. जाण्याआधीच्या रात्री त्यांनी स्वतः तिच्या ताटाच्या डाव्या बाजूला काटा ठेवला.

दंड दीडशे युरो. सोमवारी मी तो माझ्या खात्यातून लीगला भरला. मोसमाअखेर खजिनदाराने संघाचं खातं बंद केलं. त्याआधी त्याने मला एकच रक्कम पाठवली, नारळाचे दोन युरो एकोणपन्नास सेंट.