सहा वर्षांची आखणी

आमच्या पेणला गणपतीच्या कारखान्यात माती मळणारा सगळ्यांत खाली, साच्यातून मूर्ती काढणारा त्याच्या वर, रंगवाला आणखी वर, आणि डोळ्यांची आखणी करणारा सगळ्यांच्या डोक्यावर. उस्ताद, सरस, पहिल्या हाताचा, सगळ्यांवर वरचढ, असले शब्द मी वीस वर्षं ऐकत आलो. चहाचा पहिला कपही मलाच. त्यातली शेवटची सहा वर्षं आखणी माझी नव्हती. हे आजवर मी बोललो नाही.

माझा हात थरथरायला लागला होता. धाकट्या भावाची बायको तेव्हा मूर्तींच्या दागिन्यांना सोनेरी लावायची. एकदा माझे बिघडलेले डोळे तिनं पुसून पुन्हा काढले. मी बघतच राहिलो. तेव्हापासून संध्याकाळी कामगार गेले की ती आखायची आणि मी दाराशी बसून राहायचो. भाऊ म्हणायचा, "घरातच हाय ना. कुणाचा हात ते गिऱ्हाईक विचारतंय व्हय?"

गेल्या साली रोह्याचे एक व्यापारी तिच्यासमोरच म्हणाले, "उस्ताद, असा हात अख्ख्या पेणात नाय." तेव्हा तरी सांगायचं होतं. उलट तिच्याकडे बघत मी म्हणालो, "हिलाही शिकवतोय हळूहळू. पण आखणीला वकूब लागतो."

तिनं ब्रश धुऊन ठेवला. पुन्हा कारखान्यात आली नाही. आता ती रोह्याला एका कंपनीत पॅकिंगला जाते, सकाळच्या शिफ्टला. परत ये म्हणायला गेलो तर भाकरी थापता थापता म्हणाली, "नको भावजी. तिथं मी भरलेला खोका माझाच मोजतात."

आज तेच व्यापारी यंदाच्या बुकिंगला आले. मी सगळं सांगून टाकलं. ते हसले. "बघा, मोठी माणसं अशी लीन असतात."

मला इतका संताप आला की ब्रश घेऊन त्यांच्यासमोर एक डोळा आखला. रेघ गालापर्यंत घसरली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तब्येत सांभाळा, उस्ताद. आम्हाला घाई नाय."

आणि मागच्यापेक्षा जास्त मूर्ती सांगून गेले. ती शिफ्टवरून आली की हे तिला सांगायला हवं. खरं बोललो, आणि तरीही मोठा मीच ठरलो, हे कुठल्या तोंडानं सांगू?