गोट्याखालचा कागद

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. एवढं त्यात काय, असं स्वतःला समजावत आले — आता ते जमेनासं झालंय, एवढंच.

तळोद्याच्या एका कचेरीत मी कारकून. तिथली रीत अशी, की एका फायलीची फीत सोडायची, काम संपवायचं, फीत बांधायची, मग दुसरी. मला हा प्रकार फार संथ वाटायचा. मी एका वेळी पाच-सहा फायली उघड्या ठेवायची. खिडकीतून वारा यायचा, म्हणून नदीतले गोटे आणले होते — प्रत्येक उघड्या फायलीवर एक. कुठलाही कागद मागा, मी मान वर न करता काढून द्यायची. हेडक्लार्क अण्णा कुरकुरायचे, "बाई, हाई टेबल शे का भाजीनं दुकान?" आणि निकडीचा कागद मात्र माझ्याकडेच मागायचे. मला त्याचा तोरा होता. होता म्हणजे — चांगलाच होता.

एका मे महिन्यात मुलींच्या वसतिगृहाचे अर्ज येत होते. तोरणमाळकडचा जामसिंग घाट उतरून आला आणि रायलीचा, त्याच्या लेकीचा, अर्ज माझ्या हातात दिला. तिचं वय त्याच वर्षी बसत होतं, पुढच्या वर्षी बसणार नव्हतं. मी विहिरींच्या कामात होते. नंतर लावू, म्हणून कागद जवळच्या गोट्याखाली सरकवला. तो गोटा विहिरींच्या फायलीवरचा होता. नंतर? नंतर मी विसरले. यादी धुळ्याला गेली, तेव्हा आमचा जिल्हा धुळेच; त्यात रायली नव्हती.

विसरणं हा माझा गुन्हा नाही. विसरतं कोण नाही?

जूनमध्ये तो लेकीला पोचवायलाच आला. केसांना तेल चोपडलेलं, कपड्यांची पिशवी छातीशी धरलेली. मी यादी दाखवली. तो म्हणाला, "बाई, कागद तुमना हातमा दिधा."

"माझ्याकडे आलेला कागद हरवत नाही," मी म्हटलं. सगळ्यांसमोर, ठणकावून. शिपायाला तेवढंच पुरलं — "घाटमा पडना व्हई रे, माकडसनी वाची लिन्हा व्हई!" कचेरी हसली. जामसिंग चिडून बोलला, बाई खोटं बोलते. पोरगी त्याचा सदरा ओढत होती. दोघं निघून गेले.

तोवर तरी मी खोटं बोलत नव्हते. मला खरंच तसं वाटत होतं.

दुपारच्या चहानंतर मी विहिरींच्या फायलीवरचा गोटा उचलला, आणि खाली तो अर्ज. अंगठा, पाटलाचा दाखला, सगळं नीट.

डोंगराकडे जाणारी जीप संध्याकाळी सुटायची. शिपायाला सायकलवर पाठवलं असतं तर तो दोघांना घेऊन आला असता. वसतिगृहात एक जागा रिकामी होती. कचेरीची चूक झाली, असं धुळ्याला कळवलं की ती रायलीला मिळाली असती. उशिरा आलेल्या अर्जाला मात्र मिळत नव्हती. अण्णांना फक्त सांगायचं होतं. काय केलं असतं त्यांनी? हसले असते. माझ्या टेबलावर एकच फाईल ठेवायला लावली असती. नोकरी जाणार नव्हती, काहीच जाणार नव्हतं — तोरा तेवढा गेला असता.

मी अर्जावर त्या दिवसाच्या तारखेचा आवक शिक्का मारला. वर लिहिलं, 'मुदतीनंतर आला'. वसतिगृहाच्या फायलीत लावला, आणि फीत बांधली. अगदी रीतीप्रमाणे.

पुढच्या वर्षी आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या, आधी जामसिंग कचेरीत आला. एकटाच. मला वाटलं, कळलं याला. पण त्याने पानाच्या द्रोणातली चारोळी माझ्यासमोर ठेवली. मग सांगू लागला: त्या दिवशी परत जाताना ते दोघे जीपने गेलेच नव्हते. कागद शोधत, दगड उलथत, घाट पायी चढले होते. पोरगी पुढे, हा मागे. सापडला नाही. "मन्हीच चूक शे, बाई," तो म्हणाला. "वाटमा पडना व्हई. तुमले खोटी म्हननू." रायली काकाबरोबर गुजरातेत मजुरीला गेली होती.

वसतिगृहाची फाईल माझ्या मागच्या कपाटात होती. हात मागे केला असता तर पोचला असता.

मी त्याला म्हटलं, "असू दे, होतं असं."

म्हणजे मी त्याला माफ केलं. चारोळी घरी नेली. आखाजीच्या खिरीत घातली. सगळ्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. मीही घेतली.