दर खेपेला वेगळा जबडा

मोजण्याच्या बाबतीत माझा हात धरणारा खालापुरात कोणी नाही, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. बाकीचे दातांचे डॉक्टर पेशंटला बोटं घालून बघायला सांगत. मी मात्र स्टीलची पट्टी लावून वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये घेणार.

पळसदरीच्या एका नव्या सुनेची अक्कलदाढ मी काढली आणि तिचं तोंड नीट उघडेना. असं होतं कधी कधी, काही दिवसांत सुटतं. पण हा जबडा मला खेळवू लागला. नवरा साजगावच्या कारखान्यातून सुट्टी काढून तिला आणायचा, तेव्हा अंतर छान वाढलेलं. त्याला जमलं नाही की सासरे आणायचे, तेव्हा जेमतेम दोन बोटं. मी पट्टी बदलली. चष्मा बदलला. एकाच खेपेला पुन्हा पुन्हा मोजलं, तर दर वेळी तोच आकडा. आपला हात किती पक्का, म्हणून मी खूशही झालो.

सासऱ्यांबरोबरच्या पुढच्या खेपेलाही दोनच बोटं, तेव्हा मात्र घाबरलो. दाढ बधिर करायला दिलेल्या माझ्याच सुईनं जबडा कायमचा आखडला असणार. "मुंबईला न्यावं लागेल, कदाचित ऑपरेशन," मी सांगितलं. ती रडायलाच लागली. सासऱ्यांचाही चेहरा उतरला. तेवढ्यात गल्लीत वाट अडवून उभा असलेला त्यांचा टेंपो काढायला कोणीतरी त्यांना हाक मारली आणि ते बाहेर गेले.

मुंबईच्या डॉक्टरांना ताजा आकडा कळवावा म्हणून मी पुन्हा पट्टी लावली. तोंड पूर्ण उघडलं! आनंदाच्या आधी मला रागच आला.

"अगं, मग मघाशी काय झालं होतं?"

"सासरे समोर बसलं व्हतं ना," ती डोळे पुसत म्हणाली. "त्यांच्यापुढं येवढा मोठा आ कसा करायचा?"

म्हणजे इतके दिवस मी मोठ्या काटेकोरपणे तिची लाज मोजत होतो.

सासरे परतले. मुंबई रद्द म्हटल्यावर त्यांना पटेना. "आत्ता तर ऑपरेशन म्हनत व्हता. दावा मला." तिनं तोंडापुढं हात धरला आणि पुन्हा दोनच बोटं उघडलं. आता लपवून काय करणार? खरं काय ते मी सांगून टाकलं.

सासऱ्यांनी उठून खुर्ची भिंतीकडं फिरवली आणि आमच्याकडं पाठ करून बसले.

"आता मोजा," ते म्हणाले. "उघडलं का गं, पोरी?"

तोंडात पट्टी, तिला बोलता येईना. "आऽऽ," एवढंच ती म्हणाली, पण चांगलं लांबलचक.

"बास," सासरे भिंतीकडं बघतच म्हणाले. "मुंबई नाय. घरी जाऊ."